माइक दिसतोय

पहिल्या दिवशी बॅटरीच मेली.
चिआतुराची थंडी. झाझा म्हणाला, दुसरी काखेत धर,
अंड्यासारखी उबव.
म्हणून माझ्या फिल्मचा पहिला अर्धा तास
मी हात अंगाशी आवळून नुसतीच उभी,
समोर दरी, दरीत धुकं,
धुक्यातून बाहेर येणारा गंजका लोखंडी पाळणा.
फक्त पाहत होते.
दुसरं काही करता येत नव्हतं.

स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं:
त्सित्सिनो, वय एकोणसाठ, रोपवे चालवते.
रोपवे बंद होण्याचा आठवडा.
ती दांड्यावर हात ठेवते, तिचे डोळे भरून येतात.
तिबिलिसीच्या वसतिगृहात, चहाच्या डागांच्या टेबलाशी बसून
तिला एकदाही न भेटता
मी तिचे डोळे भरून ठेवले होते,
नळाखाली बादली भरावी तसे.

"रडू? कशाला गं?" ती म्हणाली.
"एकतीस वर्षं दुपारची पाठ टेकली नाही मी.
शुक्रवारी हा दांडा शेवटचा ओढीन,
आणि शनिवारी जेवून जी आडवी होईन..."
आणि हसली. पुढचा एक दात नाही.
मी म्हटलं, कट.

त्या कटची मला अजून लाज वाटते.

मग मी तिला म्हटलं, पुन्हा एकदा दार उघडून आत या.
"आत्ताच तर आले."
आली. पुन्हा आली. चौथ्या वेळी
आपल्याच इंजिनघरात ती अशी शिरली,
जसं कुणी परक्याच्या घरी
चपला कुठे काढायच्या ते शोधत शिरतं.

धुक्याचा शॉट तिसऱ्या दिवशी मिळाला. चाळीस सेकंद.
वसतिगृहात सगळे म्हणाले, वा!
एडिटिंगला तो सुरुवातीला लावला, शेवटी लावला, मधे लावला;
कुठेही ठेवा,
नवरीपेक्षा करवलीच नटलेली.
काढला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते
आणि मी थोडी रडले. स्क्रिप्टमध्ये नव्हतं ते.

निघताना झाझा म्हणाला, कुणी हलू नका,
या खोलीची शांतता घ्यायचीय. तीस सेकंद.
शांततेला कसला आलाय आवाज, मी मनात म्हटलं.
त्सित्सिनो मात्र लगेच उभी राहिली, देवळात राहावी तशी.
थंड होत जाणारी मोटर टिकटिकली.
खाली नदी. कुणाचं तरी पोट गुरगुरलं, बहुतेक झाझाचं.
तेच तीस सेकंद पुढे प्रत्येक जोडाखाली
गोधडीच्या अस्तरासारखे अंथरले.
त्यावाचून सगळे तुकडे सुटे सुटे दिसत होते.

आणि कॅमेरा चालूच राहिला होता.
मला वाटलं, बंद केलाय.
झाझा बांबूएवढी माइकची काठी डोक्यावर धरून,
दंड थरथरताहेत.
तिने पिशवीतून खाचापुरी काढली,
त्याचे हात अडकलेले बघितले,
तुकडा मोडला आणि सरळ त्याच्या तोंडात घातला.
हनुवटीवरचे कण अंगठ्याने पुसले.
वरून माइक हळूहळू खाली आला,
चीजचा वास लागलेल्या राखाडी मांजरासारखा.

"माइक दिसतोय," रेवाझ सर म्हणाले.
हो सर.
"पहिल्या वर्षाची चूक आहे ही."
हो.
"पुन्हा लाव."
पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही.
मार्क मात्र कापलेच.

फिल्म बघून तिने भाचीकडून निरोप पाठवला:
मी एवढी जाड आहे का?
आणि त्या पोराला नीट खायला मिळतं का?

उत्तर द्यायला शनिवारी फोन केला.
वाजला, वाजत राहिला.
घड्याळ बघितलं, अडीच.
चटकन ठेवून दिला.